स्लॉपी जो

स्लॉपी जो : मोकळा परतलेला खिमा टोमॅटोच्या आंबटगोड रसात आटवून मऊ गोल बनमध्ये भरून खाण्याचा अमेरिकी पदार्थ. मूळ कृतीत गोमांसाचा खिमा असतो. पाव हॅम्बर्गरचा, मांसही हॅम्बर्गरचेच. फक्त टिक्की थापलेली नसते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील राज्यांत घरच्या रात्रीच्या जेवणाला आणि शाळांच्या भोजनगृहांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कामावरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात होतो, एकाच भांड्यात होतो आणि थोड्या मांसात घरच्या सगळ्यांचे भागते, ही त्याच्या लोकप्रियतेची खरी कारणे. चवीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

उगम : नावातला ‘जो’ नेमका कोण, यावर दोन बंदरे आणि एक नदीकाठचे शहर हक्क सांगतात. क्यूबातील हवाना येथे होसे आबेआल या स्पेनहून आलेल्या गृहस्थाचा बार होता. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी असल्याने अमेरिकी पर्यटक समुद्र ओलांडून तेथे गर्दी करत. वितळलेल्या बर्फाने बारची फरशी सदा ओली, म्हणून गिऱ्हाइकांनी मालकाला ‘स्लॉपी जो’, म्हणजे गबाळा जो, हे टोपणनाव दिले, असे सांगतात; होसेचे इंग्रजी रूप जो. फ्लॉरिडातील की वेस्ट येथे जो रसेल याने ५ डिसेंबर १९३३ रोजी, म्हणजे दारूबंदी उठली त्याच दिवशी, आपला बार कायदेशीरपणे उघडला. पुढे त्यानेही ‘स्लॉपी जोज्’ हेच नाव घेतले. अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे तेथे नेहमी येत असे, त्यामुळे ही कथा सर्वांत जास्त सांगितली जाते.

तिसरा दावा आयोवा राज्यातील, मिसूरी नदीवरच्या सू सिटीचा. तेथील खाणावळींत १९२० च्या दशकापासून ‘लूज मीट’, म्हणजे मोकळ्या खिम्याचे, सँडविच मिळू लागले होते. याच राज्यातील मस्कटीन येथे फ्रेड एंजेल याने १९२६ मध्ये ‘मेड-राइट’ हे दुकान काढले आणि तशाच सँडविचवर त्याची पुढे साखळी उभी राहिली. हा खिमा कोरडा असतो. वर मोहरीचा सॉस, कांदा आणि काकडीचे लोणचे. त्यात जो नावाच्या एका आचाऱ्याने टोमॅटो सॉस घातला, अशी आख्यायिका आहे. आचाऱ्याची गोष्ट खरी असो वा नसो, पदार्थाची बांधणी पाहिली तर आयोवाचे पारडे जड वाटते. दोन्ही बारांची ख्याती मद्याची होती. मोकळ्या खिम्याचा पाव मात्र आयोवात आधीपासून होता. नाव दक्षिणेकडून आले आणि खिमा मध्यपश्चिमेतून, असेही घडले असेल.

प्रसार : दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, अमेरिकेत मांसावर रेशनिंग होते. थोडे मांस सॉस, कांदा, कधी ब्रेडचा चुरा घालून वाढवण्याच्या कृतींना त्या दिवसांत महत्त्व आले. १९४६ मध्ये राष्ट्रीय शालेय भोजन कायदा झाला. एका मोठ्या पातेल्यात शेकडो मुलांसाठी करता येणारा आणि डावाने वाढता येणारा हा पदार्थ शाळांच्या स्वयंपाकघरांना सोयीचा होता. त्यामुळे अनेक अमेरिकी प्रौढांना स्लॉपी जो म्हटले की शाळेचा ट्रे आठवतो, आणि तो प्रत्येकालाच प्रेमाने आठवतो असे नाही. १९६९ मध्ये हंट्स कंपनीने ‘मॅनविच’ हा डबाबंद सॉस बाजारात आणला. त्यात मांस नसते. घरी खिमा परतायचा आणि डबा ओतायचा. गोडसर टोमॅटोची तीच चव मग पुष्कळ घरांत ‘मूळ’ चव मानली जाऊ लागली. घरी सॉस करण्याला डब्याच्या तुलनेत दहा मिनिटेही जास्त लागत नाहीत आणि साखर आपल्या हातात राहते, हे लक्षात घेतले तर डब्याचा मोह टाळणेच बरे.

कृती : अमेरिकी घरांत माप एक पौंड खिम्याचे, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, त्यात पाच-सहा बन भरतात. जाड बुडाची पसरट कढई चांगली तापवून खिमा घालतात आणि पहिली दोन-तीन मिनिटे तो हलवत नाहीत. सगळी चूक इथेच होते. कढई लहान असली किंवा सतत ढवळले तर खिमा स्वतःच्याच पाण्यात शिजतो, राखाडी होतो आणि पुढे कितीही सॉस घातला तरी चवीला सपक राहतो. पाणी आटून तळाला तपकिरी खरपुडी धरली, की मग कालथ्याने गुठळ्या फोडायच्या. सुटलेली जादा चरबी काढून टाकायची, चमचाभर ठेवायची. त्यात बारीक चिरलेला एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची आणि दोन पाकळ्या लसूण परततात. नंतर एक कप टोमॅटो सॉस किंवा पाऊण कप केचप, चमचाभर मोहरीचा सॉस, चमचाभर वूस्टरशर सॉस, मीठ, मिरपूड. टोमॅटो सॉस घेतला तर चमचाभर ब्राउन शुगर लागते. केचपमध्ये साखर आणि व्हिनेगर दोन्ही असतात, तेव्हा ती वेगळी घालू नये. वूस्टरशर सॉस १८३७ पासून इंग्लंडमध्ये विकला जातो आणि त्यात चिंच असते. बाटली नसेल तर चिंचेचा थोडा कोळ आणि थेंबभर सोया सॉस घालून काम भागते.

मंद आचेवर झाकण न ठेवता दहा-पंधरा मिनिटे आटवणे, हा शेवटचा टप्पा. कालथा तळावरून ओढला की मागे क्षणभर वाट उघडी राहावी, इतपत दाट झाले की आच बंद. पातळ राहिले तर पाव भिजून हातात तुटतो. फार आटले तर तो सुका खिमा होतो, स्लॉपी जो राहत नाही. बन आतून लोणी लावून भाजून घेतात, ते चवीइतकेच पाव उशिरा भिजावा म्हणूनही. अमेरिकी कृषी खात्याच्या शिफारशीप्रमाणे गोमांसाचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडी किंवा टर्कीचा ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे.

खिम्याचे पर्याय : टर्कीचा खिमा आता अमेरिकेत सर्रास वापरतात. तो कोरडा पडतो, म्हणून आधी तेल लागते. शाकाहारी घरांत अख्खा मसूर अर्धा कच्चा उकडून किंवा सोयाचा चुरा भिजवून, घट्ट पिळून घेतात. मसूर जास्त शिजला की त्याची आमटी होते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने इथे ही कृती बहुधा मटणाच्या किंवा कोंबडीच्या खिम्यावर करतात. मटणाचा खिमा शिजायला जास्त वेळ घेतो. सॉस घालण्याआधी त्यात पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे.

मुंबईच्या इराणी हॉटेलांतील खिमा-पावाशी याची तुलना हमखास होते. दोन्हींत खिमा आणि पाव हे खरे, पण खाण्याची रीत निराळी. खिमा-पावात पाव मोडून खिम्याला लावतात आणि गरम मसाला, आले-लसूण, कोथिंबीर यांवर चव उभी असते. स्लॉपी जोमध्ये खिमा पावाच्या आत कोंबलेला, मसाला जवळजवळ नाहीच, आणि गोडवा स्पष्ट. आपल्या जिभेला तो गोडवा पहिल्या घासाला खटकतो. हिरवी मिरची घालण्याचा हात आवरणे कठीण जाते, आणि आवरण्याचे काही कारणही नाही.

सोबत बटाट्याचे वेफर्स, कोबीची कोलस्लॉ कोशिंबीर किंवा काकडीचे आंबट लोणचे देतात. उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला तर तीन-चार दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यावरही खातात. न्यू जर्सी राज्यात मात्र ‘स्लॉपी जो’ मागितल्यास राय ब्रेडच्या तीन पातळ कापांत थंड मांस, चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग (मेयोनेज-केचपचा सॉस) रचलेले सँडविच समोर येते. साउथ ऑरेंज येथील टाउन हॉल डेली हे दुकान त्याचे जनकत्व सांगते. त्यात खिमा नसतो.