कोतवाल बुकात नाव नसतं

जातीचा जुना पुरावा शोधायची वेळ आली की विदर्भातल्या खेड्यातला माणूस कोतवाल बुकाची, म्हणजे कोतवालाच्या वर्दीवरून लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कल काढतो. आम्हीही काढली. तारीख होती, आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, बापाचं नाव होतं, जात होती आणि पुढे नुसतं 'मुलगा झाला'. कोणता मुलगा? आबाजी की त्यांचे धाकटे भाऊ? पत्ता नाही. कचेरीतला बाबू म्हणाला, "नाव आना." नाव आणणार कुठून?

कोतवालाला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. तो वर्दी द्यायचा ती जन्माची, आणि तेव्हा पोराला बहुधा नावच नसायचं. बारावा दिवस उजाडला की पाळणा टांगायचा, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायांनी बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं, आत्यानं कानात कुर्रर्र करायचं, तिच्या पाठीत धपाटे बसायचे, घुगऱ्या वाटायच्या. नाव ठरायचं ते या गलक्यात.

युरोपात वही उघडायची तीच मुळी नावासाठी. 1538 मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं इंग्लंडच्या चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची नोंद ठेवायला लावली. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं कॅथलिक पाद्र्यांनाही बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी सक्तीच्या केल्या. बाळ दगावण्याआधी बाप्तिस्मा उरकायची घाई असायची, त्यामुळे नाव लवकर पडायचं. बरेचदा ते एखाद्या संताचं, म्हणजे बाळाला एक पाठीराखा. फ्रान्सनं तर 1803 च्या कायद्यानं दिनदर्शिकेतली आणि प्राचीन इतिहासातलीच नावं चालतील असं बजावलं. आईबापांना मोकळीक मिळाली ती 1993 मध्ये.

आपल्याकडेही नावानं राखणच व्हायची, पण पोर लपवून. मुलं जगत नसली की जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं, तो उकंडा. दाईला कवडी देऊन तिच्याकडून विकत घेतला, तो कवडू. पोरीसारखं नाक टोचलं, तो नत्थू. माझी आजी म्हणायची, "कवडीचं पोट्टं यमाले काय कामाचं?" चीनच्या खेड्यांतही याच हिशेबानं 'कुत्र्यानं उष्टं टाकलेलं' अशा अर्थाचं नाव ठेवत.

शिवाय पत्रिकेतलं नाव वेगळंच. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यातलं आपलं अक्षर धरून भटजी नाव सांगणार आणि ते हाकेला वापरायचं नाही. वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवलं तर आणखी पंचाईत, कारण सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेणार नाही. मग पोराचा आयुष्यभर बाळ्या होतो. अमेरिकेत हयात बापाचंच नाव पोराला ठेवून पुढे ज्युनिअर लावतात. आमच्याकडे जित्या माणसाचं नाव पाळण्यात घातलं असतं तर म्हाताऱ्यांनी बारसंच मोडलं असतं.

या सगळ्यातून एकच नाव निवडलं ते शाळेनं. मास्तरानं विचारलं, बापानं आठवेल ते सांगितलं, जन्मतारीख अंदाजे 1 जुलै पडली. आबाजी शाळेत केशव झाले आणि सातबाऱ्यावर 'कवडू ऊर्फ केशव' राहिले. त्या 'ऊर्फ'पायी आम्ही किती प्रतिज्ञापत्रं केली ते विचारू नका.

नावांचा खरा पालट मात्र नागपुरातून आला. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत कचरू आणि उकंडाच्या घरी सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, यशोधरा जन्मू लागले. गावानं हिणवून मारायच्या हाकेला तिथे पूर्णविराम मिळाला. पाळण्यातला एवढा मोठा फेरफार विदर्भानं दुसरा पाहिलेला नाही.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नावात आधी त्याचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रानं लावला. आमच्या नकलेतली ती ओळ मी परत काढून पाहिली. 'मुलगा झाला' एवढंच. कोणत्या आईला झाला, तेही नाही.