हाडातली गाठ गोठवताना

निपाणी, चिकोडी, खानापूर, यातल्या कुठल्याही तालुक्यात ज्या घरी दुभतं जनावर आहे तिथे नायट्रोजनची टाकी माहीत असतेच. गाय माजावर आली की पशुवैद्यक येतात, टाकीचं झाकण उघडताच पांढरी वाफ ओसंडते आणि चिमट्याने एक बारीक नळी बाहेर निघते. त्या नळीतलं वळूचं रेत उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षं टिकलेलं असतं. हाच द्रव नायट्रोजन शस्त्रक्रियागृहात हाडाच्या गाठीतल्या पेशी मारायला वापरतात. एकाच थंडीने एक पेशी टिकते आणि दुसरी मरते, हे कसं? या उपचाराचं बहुतेक शास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

पेशीत मुख्यतः पाणी असतं. ऊतक गोठू लागलं की आधी पेशींच्या बाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फात क्षार मावत नाहीत, ते उरलेल्या पाण्यात साठत जातात. असं खारट झालेलं पाणी पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतं आणि पेशी आक्रसते. गोठणं फार झपाट्याने झालं तर आतल्या पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. मग पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात आणि तिची आवरणं फाटतात. रेताच्या नळीत हे टाळण्यासाठी ग्लिसरॉल मिसळलेलं असतं आणि गोठवण्याचा वेगही बेतलेला असतो. ग्लिसरॉलचा हा गुण इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला. गाठीतल्या पेशीला असं कुठलंच कवच नसतं.

वितळतानाही पेशींवर दुसरा घाव पडतो. बर्फ सावकाश वितळू दिला तर लहान स्फटिक एकमेकांना जुळून मोठे होतात आणि आणखी नासधूस करतात. मग बाहेरचं वितळलेलं पाणी खारट झालेल्या पेशीत घुसतं, ती फुगते आणि फुटते. पुढच्या काही तासांत गोठलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यामुळे वाचलेल्या पेशींचा रक्तपुरवठाही तुटतो. म्हणून झटपट गोठवायचं, सावकाश वितळू द्यायचं आणि पुन्हा गोठवायचं, असा क्रम असतो. उणे २० अंशाला काही चिवट पेशी तग धरू शकतात, त्यामुळे संपूर्ण गाठीत उणे ४० पर्यंत उतरायचा प्रयत्न असतो.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स आरनॉट या इंग्रज डॉक्टरांनी १८४५ ते १८५१ या काळात स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या वाढलेल्या कर्करोगावर ठेचलेला बर्फ आणि मीठ यांचं मिश्रण लावलं. हाताने फिरवायच्या पॉटमधलं आइस्क्रीम खडेमीठ घातलेल्या बर्फाने जमतं, तीच ही युक्ती. त्यांचं तापमान उणे १८ ते उणे २४ पर्यंत उतरलं. रोग बरा झाला नाही, पण वेदना आणि रक्तस्राव कमी झाला.

हाडापर्यंत ही पद्धत १९६० च्या दशकात पोचली. न्यूयॉर्कचे शल्यविशारद रॅल्फ मार्कोव्ह गाठ खरवडून काढल्यावर उरलेल्या पोकळीत नरसाळ्याने द्रव नायट्रोजन ओतू लागले. विशेषतः जायंट सेल ट्यूमरसाठी हे मोलाचं ठरलं. ही गाठ साधारण वीस ते चाळीस वर्षांच्या माणसांत, बहुधा गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ होते. ती सहसा कर्करोगाची नसते, पण हाड पोखरते आणि नुसती खरवडली तर अनेकदा परत येते. नायट्रोजन पोकळीच्या भिंतीत लपलेल्या पेशींपर्यंत पोचतो. त्याची किंमतही मोजावी लागली: सुरुवातीच्या अनेक रुग्णांत गोठलेलं हाड नंतर मोडलं, कातडी झडली. आता पोकळीत हाडाचे तुकडे किंवा सिमेंट भरतात आणि गरज असेल तिथे प्लेट बसवतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती जपानमधल्या कानाझावा विद्यापीठाची पद्धत. हिरोयुकी त्सुचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९९ पासून वापरात आणली. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचाच कर्करोग, असेल तर तो भाग निरोगी कडेसह कापून बाहेर काढतात. त्यावरचं मऊ गाठीचं ऊतक सोलून काढतात आणि ते हाड वीस मिनिटं द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. नंतर पंधरा मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवतात, पंधरा मिनिटं ऊर्ध्वपातित पाण्यात, आणि तेच हाड रुग्णाच्या पायात परत बसवून प्लेटने जखडतात. त्यातल्या सगळ्या पेशी मेलेल्या असतात, गाठीच्या आणि चांगल्याही. पण कॅल्शियमचा सांगाडा शाबूत राहतो, नव्या हाडाला चालना देणारी प्रथिनंही बरीच टिकतात. हाड त्याच माणसाचं असल्याने मापात तंतोतंत बसतं. हाडपेढी लागत नाही, महागडा धातूचा सांधा काही वेळा टाळता येतो. शरीर त्यात हळूहळू नवं हाड भरतं. त्याला महिने, कधी वर्षं जातात, आणि तोवर हाड मोडण्याची, न जुळण्याची, जंतुसंसर्गाची भीती राहते. गाठीने आधीच भुसभुशीत केलेल्या हाडाला ही पद्धत चालत नाही.

कापाकापी न करताही गोठवता येतं. सीटी स्कॅनमध्ये पाहत कातडीतून बारीक सुया गाठीत घालतात आणि त्यांतून दाबाखालचा आर्गॉन वायू सोडतात. अरुंद छिद्रातून सुटून पसरताना तो इतका थंड होतो की टोकाभोवती बर्फाचा गोळा धरतो. मऊ ऊतकात हा गोळा स्कॅनवर काळसर दिसतो, म्हणून डॉक्टरांना तो वाढताना पाहता येतो. दिसणारी कड मात्र शून्य अंशाची असते, मारक थंडी तिच्या काही मिलिमीटर आत असते. त्यामुळे गोळा गाठीच्या बाहेरपर्यंत वाढवावा लागतो. जवळ मज्जातंतू किंवा कातडी असेल तर मध्ये कोमट सलाईन सोडून ती दूर सारतात. स्तन, मूत्रपिंड, फुप्फुस यांचा कर्करोग हाडांत पसरून असह्य दुखत असेल आणि रेडिएशनने आराम पडत नसेल, तर ही सुई मोठा आधार ठरते. डेस्मॉइडसारख्या मऊ ऊतकांच्या हट्टी गाठींतही ती वापरतात.

ऑस्टिओसार्कोमात गोठवण्याने केमोथेरपी टळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. केमोच्या आधीच्या काळात पाय कापूनही पाचात एखादाच रुग्ण जगायचा, कारण रोग फुप्फुसांत आधीच पोचलेला असायचा. आता रोग पसरण्याआधी उपचार सुरू झाले तर साठ-सत्तर टक्के रुग्ण वाचतात.

आपल्याकडे वेळ जातो तो याच टप्प्यावर. बेळगावात पोरं फुटबॉल खेळतात, गावागावांत तालमी आहेत. गुडघा सुजला की 'मुरगळलं असेल' म्हणून हाडवैद्याकडे नेऊन तेल चोळायची आपली रीत. लचक काही दिवसांत उतरते. गाठ उतरत नाही, रात्री झोपेतून उठवते, आठवड्यागणिक वाढते. अशी सूज चोळू नये, शेकू नये, आधी एक्स-रे काढावा. त्यात शंका आली तर तुकडा तपासायची घाईही गावात करू नये. मिरज असो, हुबळी, बेंगळुरूची किदवई किंवा परळचं टाटा, जिथे पुढची शस्त्रक्रिया व्हायची आहे तिथेच बायोप्सी करून घ्यावी. सुई ज्या वाटेने गाठीत शिरते ती वाट नंतर गाठीबरोबर कापून काढावी लागते. ती वाट चुकीच्या जागेतून गेली, तर वाचवता आला असता असा पायही कधी कधी गमवावा लागतो.