‘लई इचार करू नको’ म्हणून भागत नाही

खानापूर तालुक्यातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, सगळं इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत फिजिक्सला 50 पैकी 11. संध्याकाळच्या बसमध्ये बसताना मनात येतं, ‘मी ढ आहे.’ खानापूर येईस्तोवर, ‘वर्गात सगळे हसत असणार.’ घरी पोचते तेव्हा, ‘माझं पुढे काही होणार नाही.’

गुण एका पेपराचे, निकाल तीन: स्वतःचा, लोकांचा, उद्याचा. आरॉन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांच्या बोलण्यात हेच त्रिकूट टिपलं. हे विचार कुणी ठरवून करत नाही. ते आपसूक येतात आणि इतके झटकन, की विचार न वाटता खरेच वाटतात.

आई म्हणते, ‘लई इचार करू नको गं.’ त्यात माया असते, पण मन असं ऐकत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं. अस्वल येतच राहिलं. नंतर मोकळीक दिल्यावर तर ते आधीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं.

म्हैस रवंथ करते तेव्हा चारा पचतो. मनाच्या रवंथात मात्र ‘माझंच असं का?’ हा एकच घास फिरत राहतो. सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 137 विद्यार्थ्यांकडून याबद्दलची प्रश्नावली भरून घेतली आणि दोनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 1989 ला, तिथे मोठा भूकंप झाला. आधीपासून असा रवंथ करणाऱ्यांत सात आठवड्यांनंतरही उदासी जास्त आढळली.

असं का व्हावं? उदास मनाला उदास आठवणीच आधी सापडतात. त्या आठवणी उदासी वाढवतात. मग मुलगी मैत्रिणींना टाळते, कॉलेज बुडवते, आणि ‘मी ढ आहे’ हे खोटं ठरवणारा एखादा बरा दिवस तिच्या वाट्याला येतच नाही. मला हा भाग सगळ्यात घातक वाटतो.

नैराश्य केवळ विचारांतून येतं असं नाही. आनुवंशिकता, थायरॉईड, कर्ज, घरातला मृत्यू, सगळ्यांचा हात असतो. दोन आठवडे बहुतेक दिवस उदासी हटली नाही, कशातच रस राहिला नाही, तर डॉक्टर गाठायलाच हवा. जगणं नको वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नये. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

बेक यांच्या उपचारात विचार दाबत नाहीत, तपासतात. ‘मी अशी का?’ सोडून ‘नेमकं कुठे अडलं?’ असं विचारतात. ती मुलगी पेपर पुन्हा उघडते. वेग आणि त्वरण तिला दहावीपासून येतात. अडलं होतं ते ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ या शब्दांपाशी.