तुटलेले दुवे : शोध आणि तपासणी

संकेतस्थळावरच्या ज्या दुव्यावर क्लिक करूनही अपेक्षित पान, चित्र किंवा फाइल मिळत नाही, तो तुटलेला दुवा. असे दुवे हुडकणे, ते कायमचे गेले आहेत की तात्पुरते बंद आहेत याची खातरजमा करणे आणि मग दुरुस्त करणे हे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचे नित्याचे काम आहे. नवे पान चढवण्याइतके त्याचे कौतुक होत नाही, त्यामुळे ते बहुधा मागेच पडते.

वेबची रचना मुळात एकतर्फी आहे. दुसऱ्याच्या पानाचा दुवा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते पान हलले तर दुवा देणाऱ्याला खबरही लागत नाही. डोमेनचे, म्हणजे स्थळाच्या भाड्याने घेतलेल्या नावाचे, नूतनीकरण राहून जाते. संस्था स्थळाला नवे रूप देते आणि जुने पत्ते वाऱ्यावर सोडते. कधी सेवाच गुंडाळली जाते. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही घरगुती पाने मांडू देणारी सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली असंख्य पाने एकदमच गेली. चांगले पत्ते बदलत नाहीत, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०१३ सालच्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, आणि इंग्रजी विकिपीडियाच्या तपासलेल्या लेखांपैकी ५४ टक्के लेखांच्या संदर्भांत निदान एक मृत दुवा होता.

तपासणी करणारा प्रोग्राम मुखपृष्ठापासून सुरुवात करतो, पानातले सगळे दुवे गोळा करतो आणि एकेकाला विनंती पाठवतो. आपल्याच स्थळावरची पाने तो उघडून पुढचे दुवे काढतो; बाहेरच्या पत्त्यावर मात्र नुसती कडी वाजवून परततो. उत्तरादाखल सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारा संगणक, तीन आकडी संकेत देतो. २०० म्हणजे ठीक, ३०१ म्हणजे पान कायमचे हलवले, ४०४ म्हणजे सापडले नाही, ४१० म्हणजे जाणूनबुजून काढले. ५०० पासून पुढचे संकेत सर्व्हरच्या स्वतःच्या अडचणीचे असतात. असा दुवा लगेच मृत ठरवू नये, काही दिवसांनी पुन्हा तपासावा.

खरी मेख इथे आहे : प्रोग्राम तपासतो ते सर्व्हरचे उत्तर, पानातला मजकूर नव्हे. वेळ वाचवण्यासाठी तो अनेकदा फक्त शीर्षमाहिती (पानाच्या मजकुराशिवायची उत्तराची माहिती) मागतो, पण काही सर्व्हर अशा विनंतीला ४०५ (ही पद्धत चालत नाही) देऊन नकार देतात. काही स्थळे यंत्रांना ४०३ (प्रवेश नाही) दाखवून परतवतात, तर ब्राउझरमध्ये तेच पान सुरळीत उघडते. हे खोटे गजर त्रासाचे, पण निरुपद्रवी. उलट प्रकार जास्त घातक. ‘क्षमस्व, हे पान उपलब्ध नाही’ असे पानावर लिहिलेले असते आणि सर्व्हर मात्र २०० कळवतो. मुदत संपलेले डोमेन कोणी जुगाराच्या जाहिरातींसाठी विकत घेतलेले असते, तरीही उत्तर २०० च. ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे : त्या स्थळाकडे मुद्दाम अशक्य, अस्तित्वातच नसलेला पत्ता मागावा. त्यालाही २०० आले, तर त्या स्थळाच्या २०० वर विसंबू नये. म्हणून महत्त्वाच्या स्थळाच्या ‘ठीक’ दुव्यांवरूनही माणसाची नजर फिरलीच पाहिजे.

मराठी पत्त्यांची आणखी एक भानगड आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे (बाइट हे संगणकाच्या साठवणीचे एकक), आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन चिन्हे अशी लिहिली जाते. त्यामुळे ‘मराठी’ या पाच चिन्हांची ४५ चिन्हे होतात. इतका लांब पत्ता मेलमध्ये मध्येच तुटतो. शिवाय ‘शेतकऱ्यांसाठी’ मधला ‘ऱ्य’ दोन रीतींनी टंकता येतो : ऱ हे वेगळे अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलन्त व न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे पत्ते असतात. दिसायला अचूक दुवा ४०४ देत असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा.

साधनांची वानवा नाही. विंडोजवरचे जुने झेनू, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा लिंक चेकर, मोफत आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंत चालणारा स्क्रीमिंग फ्रॉग ही परिचित नावे. गुगल सर्च कन्सोल आपल्याच स्थळावरची हरवलेली पाने दाखवते, आपण बाहेर दिलेल्या दुव्यांची चौकशी करत नाही. सर्व्हर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतो, त्या नोंदवहीतले ४०४ मात्र दुर्लक्षित खजिना आहेत : इतरांनी आपल्याकडे दिलेले कोणते दुवे फुकट जातात, ते तिथेच कळते.

आपलेच पान हलले असेल तर जुन्या पत्त्यावर ३०१ लावून वाचकाला नव्या पत्त्याकडे वळवावे. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे ही पळवाट आहे. वाचकाला हवे ते मिळत नाही आणि बिघाड तेवढा झाकला जातो. बाहेरचे पान गेले असेल तर २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्याची प्रत शोधावी, आणि आपला मजकूर लिहिला गेला त्या सुमाराची निवडावी. सर्वांत ताजी प्रत कधीकधी त्या ‘क्षमस्व’ पानाचीच असते. प्रत नसल्यास दुवा काढावा, पण शीर्षक, लेखक आणि तारीख राहू द्यावी.

स्थळ नव्या यंत्रणेवर नेताना जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी आधी उतरवून ठेवावी. स्थलांतर झाल्यावर तीच यादी नव्या स्थळावर चालवली की पडझड पहिल्याच दिवशी समोर येते.