मोतीबिंदूसाठी पुणे-मुंबई गाठायलाच हवी का?

‘डोळ्याचं काम आहे, पुण्या-मुंबईलाच करा, सिव्हिलमध्ये फुकट म्हणजे कसलीतरी लेन्स बसवतात.’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्यापायी माणसं कर्ज काढतात, हे पाहवत नाही.

साधा मोतीबिंदू जिल्हा रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ रोज काढतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. शस्त्रक्रिया आणि लेन्स मोफत. लेन्स स्वस्त झाली ती देशातच बनू लागल्यामुळे. मदुराईच्या ऑरोलॅब या लेन्स बनवणाऱ्या संस्थेनं १९९२ पासून हे काम हाती घेतलं. महागड्या मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सनं चष्म्याची गरज कमी होते, एवढंच. साध्या लेन्सनंही लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो.

खरा खर्च पुढे असतो. ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं, पण दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची, आठवड्यानं तपासणी, महिन्यानं पुन्हा, शिवाय काही आठवडे थेंब. दरवेळी दोघांचं भाडं, सोबत्याचा बुडालेला रोज. आणि डोळा लाल होऊन ठणकला, नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. तेव्हा जवळचंच रुग्णालय उपयोगी पडतं.

पडद्याचा आजार किंवा गुंतागुंतीचा काचबिंदू असेल, तर मात्र तिथलेच डॉक्टर मोठ्या ठिकाणी पाठवतात. तेव्हा जरूर जा.