कला शाखेतील कार्यानुभव (खानदेश)

भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांसारखे विषय घेऊन पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षण चालू असतानाच संस्थेत, कार्यालयात किंवा गावात प्रत्यक्ष काम करायला लावून पुढील नोकरी-व्यवसायासाठी तयार करण्याची पद्धती. महाविद्यालयांत ती इंटर्नशिप, ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) किंवा फील्ड प्रोजेक्ट या नावांनी ओळखली जाते.

खानदेशातील जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर राज्यातील अभ्यासक्रमांत अशा कामाला स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले. सामान्यतः एका श्रेयांकासाठी ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास काम अपेक्षित असते. त्यापूर्वी कला शाखेत महाविद्यालयाबाहेरचा अनुभव मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि भूगोलाची क्षेत्रभेट यांतून मिळत असे.

या प्रदेशात मोठे कारखाने मोजके असले, तरी कला शाखेला उपयोगी पडणारी कामे विपुल आहेत. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेतील जुनी कागदपत्रे हाताळायची, तर मोडी लिपी वाचता यावी लागते, कागदाचा काळ व विषय ओळखून नोंद करावी लागते आणि जीर्ण पानांची निगा राखावी लागते. ही तयारी पुढे अभिलेखागारात, संग्रहालयात किंवा ग्रंथालयात थेट कामी येते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रावेर-यावल भागातील केळीची कापणी, भाव, वाहतूक आणि पीककर्ज यांचा माग काढता येतो. शेतकरी, व्यापारी व मजूर या तिघांशी बोलल्याशिवाय ते सर्वेक्षण पुरे होत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भांडवल मात्र भाषेचे आहे. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, मावची यांपैकी एखादी बोली घरी बोलणारा विद्यार्थी अनेकदा ती वर्गाबाहेर ठेवून येतो. सातपुड्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यात आरोग्यविषयक माहिती समजावून सांगणे, बँकेचा अर्ज भरून देणे, मौखिक परंपरेचे ध्वनिमुद्रण करून त्याचे मराठी भाषांतर करणे, ही कामे त्याच्याइतकी नेमकी क्वचितच कोणाला जमतील. त्यामुळे अशा कामाची नोंद दुभाषी, भाषांतर किंवा क्षेत्रसंशोधन या स्पष्ट नावाने प्रमाणपत्रावर व्हायला हवी. ‘समाजकार्य’ असे मोघम लिहिल्याने कौशल्य झाकले जाते.

केवळ शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणून तास पूर्ण झाल्याचे दाखवणे हा या पद्धतीतील सर्वांत घातक दोष होय. तो टाळण्यासाठी कामाची दैनंदिनी, मार्गदर्शक प्राध्यापकाची प्रत्यक्ष भेट आणि कामाच्या ठिकाणच्या जबाबदार व्यक्तीचे लेखी मूल्यमापन या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. प्रवासखर्चाचाही प्रश्न आहे. सुट्टीत शेतमजुरी करून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या विद्यार्थ्याला विनावेतन १२० तास देणे म्हणजे मजुरी बुडवणे असते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, परंतु ती शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे. पदवीच्या वर्षांत मात्र गावाजवळचे काम निवडू देणे आणि सलग दिवसांऐवजी आठवड्यातील ठरावीक तासांत ते विभागणे हे मार्ग महाविद्यालयांच्या हाती आहेत.