दीपमाळ (सातारा परिसर)

दीपमाळ : देवळासमोर पणत्या लावण्यासाठी उभारलेला दगडी मनोरा. बेटावरचे दीपगृह रोज रात्री जहाजांसाठी जळते. देशावरची दीपमाळ वर्षातल्या मोजक्या रात्री देवासाठी उजळते. एरवी ती नुसती काळी उभी असते, आणि म्हणूनच कदाचित तिच्या बांधणीकडे फारसे कोणी पाहत नाही.

सातारा जिल्ह्यात वाईचे काशीविश्वेश्वर मंदिर, क्षेत्र माहुलीचे विश्वेश्वर मंदिर, औंधची यमाई, शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव अशा अनेक देवस्थानांत दीपमाळा आहेत. आज दिसणाऱ्या बहुतेक मराठा काळातल्या, त्यातही 18 व्या शतकात सरदार-सावकारांनी देवळे बांधली त्या ओघातल्या. वाईचे काशीविश्वेश्वर मंदिर आनंदराव भिकाजी रास्ते यांनी 1757 मध्ये बांधले. नवस फेडण्यासाठी स्वतंत्रपणे दीपमाळ बांधून देण्याचीही रीत होती. जेजुरीला त्यामुळेच इतक्या दीपमाळा आहेत.

बांधणीत खरे कसब आहे ते हातांचे, म्हणजे पणत्या ठेवण्यासाठी खांबातून बाहेर काढलेल्या दगडांचे. आधी चौकोनी किंवा अष्टकोनी जोते, त्यावर गोल वा अष्टकोनी खांब, वर निमुळता होत गेलेला. दगड इथलाच, काळा बेसॉल्ट. पाथरवट तो बाहेरच्या अंगाने घडीव करतो, आतला गाभा दगडगोटे आणि चुन्याने भरला जातो. चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची आणि वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायची, असा हा चुना. खांब थराथराने वर चढतो आणि मधल्या थरांतून लांबट दगड बाहेर काढलेले असतात. हेच हात. दिसतो तो दगडाचा पुढचा भाग. त्याची शेपटी खांबात दडलेली असते आणि वरच्या थरांच्या वजनाखाली दाबून बसते. पणतीच काय, माणसाचाही भार तो झेलतो, तो या दाबाच्या जोरावर. खांब निमुळता असल्याने वरचे हात आत सरकतात, म्हणून खालची ज्योत वरच्या दगडाला सरळ भिडत नाही. गोव्यातले दीपस्तंभ वेगळे. मंगेशीचा सात मजल्यांचा आहे, आणि तिथे दिवे कोनाड्यांत बसतात.

दीपमाळ उजळते ती मुख्यतः त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला. शंकराने त्रिपुरासुराला मारल्याची ही रात्र. देवीच्या देवळांत नवरात्रातही दिवे लागतात. गावातली चपळ पोरे हातांवर पाय ठेवत चढतात. चढायची शिडी तीच आणि दिव्यांची जागाही तीच, त्यामुळे वात वरून पेटवत खाली यावे लागते. वारा असला की तेल घालणे आणि विझलेली पणती पुन्हा लावणे रात्रभर चालते. विजेच्या माळा गुंडाळण्याची सोय आता झाली आहे. पण हलत्या ज्योतींनी काळा दगड जसा जिवंत होतो, तसा त्या माळांनी होत नाही.

दीपमाळेला ऑइलपेंट फासल्याने घडाईच्या टाकीच्या (छिन्नीच्या) खुणा बुजतात आणि दगडातली ओल कोंडते. सिमेंटने सांधे भरणेही घातक, कारण ते चुन्यापेक्षा कडक असते आणि शेजारच्या दगडाच्या कडा फुटतात. सगळ्यात अवघड दुरुस्ती तुटलेल्या हाताची. त्याची शेपटी वरच्या थरांखाली अडकलेली असते. नवा हात मूळ पद्धतीने बसवायचा तर तिथपर्यंतचे थर उतरवावे लागतात. म्हणून जुन्या दीपमाळांवर जागोजागी थोटके हात दिसतात.